कोण कोणाचं कोण : आईला सांगत सांगत पाहिलेले २०२५ चे सिनेमे

तांबडी_माती
३१ डिसेंबर २०२५, संध्याकाळी ७:४०

पाहिलेला प्रत्येक सिनेमा मी वहीत लिहून ठेवते. तारीख, नाव, कुठे पाहिला आणि एकदोन ओळी. यंदा ९१ नोंदी झाल्या, गेल्या वर्षी १२६ होत्या. आकडा उतरला तो आईमुळे. आणि वर्ष इतकं भरून गेलं तेही आईमुळेच, म्हणून हा धागा.

आई ७४ वर्षांची. माहेर पेडण्याचं, शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. मराठी पेपर ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, हिंदी सिनेमा तिला कळतो, इंग्रजी अजिबात येत नाही. फेब्रुवारीत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती सहा आठवडे म्हापशाला माझ्या घरी राहिली. एका रात्री ती झोपली असं समजून मी हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' बघत होते. हा १९४८ चा इटालियन सिनेमा, आपल्याकडचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ मध्ये मुंबईत भरला तेव्हाही दाखवला होता. मागून आवाज आला, "काय म्हणता तो?"

मी हेडफोन काढले आणि तिला खुर्ची दिली. सिनेमा पहिल्यापासून लावला आणि खालच्या इंग्रजी ओळी मराठीत मोठ्याने सांगायला लागले.

नवऱ्याला पोस्टर चिकटवायची नोकरी लागते, पण सायकल हवी, आणि सायकल तर गहाण पडलेली. बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते, धुते, गाठोडं बांधून गहाणाच्या दुकानात नेते. त्या दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन मांडणीवर चढायला लागतो. वर, आणखी वर. खालपासून छतापर्यंत लोकांच्या चादरींची गाठोडीच गाठोडी. तिथे एकही वाक्य नाही, मला सांगायला काही नव्हतं. आईने माझा हात धरून सिनेमा थांबवायला लावला आणि त्या मांडणीकडे बराच वेळ बघत राहिली. मी हा सिनेमा याआधी तीनदा पाहिला होता. तो माणूस वर चढतो हे मला आठवत होतं, पण ती सगळी गाठोडी म्हणजे एकेका घरातलं अंथरूण आहे हे तिच्याबरोबर बघताना पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

तिथून आमचा रविवार ठरला. वर्षभरात तिच्याबरोबर ३८ सिनेमे झाले.

मला खरं सांगायचंय ते यापुढचं. इंग्रजी सबटायटल मराठीत सांगायला लागल्यावर पहिल्याच दिवशी एक अडचण आली, आणि वर्षभर ती पुरली. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. बायको नवऱ्याला, मालक नोकराला, पोरगा आजोबाला, सगळे एकमेकांना तेच म्हणतात. मराठीत तोंड उघडायच्या आत ठरवावं लागतं, तू की तुम्ही. ते ठरवायला पडद्यावरच्या माणसांकडे नीट बघावं लागतं. कोण उभं आहे, कोण बसलंय, कोणाची मान खाली आहे, चहा कोण कोणाच्या पुढे ठेवतंय. आधीची कितीतरी वर्षं मी ओळी वाचत होते आणि माणसं ओळींच्या वर कुठेतरी हलत होती. सांगायला लागले तेव्हा माणसं आधी बघू लागले.

'टोक्यो स्टोरी' आम्ही एप्रिलमध्ये पाहिला. ओझूचा, १९५३ चा. म्हातारं जोडपं गावाहून टोक्योला मुलांकडे येतं, मुलांना वेळ नसतो. डॉक्टर मुलगा, ब्युटी पार्लर चालवणारी मुलगी, आणि युद्धात गेलेल्या मुलाची विधवा बायको नोरिको. मी माझ्या मनाने वाटणी केली होती. मुलगी आईला तू म्हणेल, वडिलांना तुम्ही, जसं आपल्या घरात असतं. दहाएक मिनिटं गेल्यावर आई म्हणाली, "ती बापाला तुम्ही म्हणत नाही गं. आवाज ऐक तिचा." मला जपानी येत नाही, आईलाही नाही. पण पुढचा प्रसंग मी तिचा आवाज ऐकत बघितला. ती मुलगी आईबापांशी बोलते त्यात तुटकपणा भरलेला आहे. मी तिला तू दिलं. आणि नोरिको, जी रक्ताची कुणी नाही, तिच्या तोंडी तुम्ही ठेवलं. त्या दोन शब्दांच्या फरकात अख्खा सिनेमा आईला उलगडला, मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. सासू एक रात्र नोरिकोच्या खोलीवर राहते, मेलेल्या मुलाच्या अंथरुणावर झोपते, तिथे आई पदर तोंडाला लावून बसली. शेवटी सासरा सुनेला बायकोचं घड्याळ देतो. तिथे मला सांगता येईना, आवाज फुटत नव्हता. आई म्हणाली, "राहू दे, कळलं."

नातेसंबंधांच्या शब्दांचंही तेच. इंग्रजीत 'ब्रदर-इन-लॉ' आलं की मी अडकायची. दीर? मेहुणा? साडू? नणंदेचा नवरा? आईला ते कळल्याशिवाय पुढे जायचंच नसे. सिनेमा थांबवून आम्ही दोघी तो माणूस कोणाच्या बाजूने आला ते शोधत असू. एकदा तर अर्धा तास मागे जाऊन लग्नाचा प्रसंग पुन्हा बघितला.

ऑगस्टमध्ये वोंग कार-वायचा 'इन द मूड फॉर लव्ह' लावला, २००० सालचा. शेजारी राहणारे दोघे, दोघांचेही जोडीदार एकमेकांत गुंतलेले. हे दोघे एकमेकांना शेवटपर्यंत श्रीयुत आणि श्रीमतीच म्हणतात, म्हणून मीही शेवटपर्यंत तुम्हीच ठेवलं. एका प्रसंगात ती नवऱ्याला जाब विचारते. समोरच्या पुरुषाची पाठ आपल्याकडे असते. तुझी कुणी बाई आहे का, असं ती विचारते. मी मुद्दाम तू वापरलं. आईला वाटलं, नवराच आहे. मग कळतं की ही तालीम चालली आहे, समोर शेजारीच बसलाय. त्याच्या पुढच्याच वाक्याला मी तुम्ही म्हटलं आणि आई एकदम सरसावून बसली. नंतर रात्रभर तिच्या मनात तेच होतं. सकाळी पेज वाढताना म्हणाली, "एकदा तरी तू म्हणायला हवं होतं त्यांनी."

काही सिनेमांत सांगायला काही लागतच नाही. किआरोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस', १९८७ चा. चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत द्यायला एक पोरगा दुसऱ्या गावी धावतो. तो तीच दोन वाक्यं ज्याला त्याला सांगत सुटतो, मोठी माणसं ऐकतच नाहीत. पाचव्या वेळेपासून ती वाक्यं माझ्याआधी आईच म्हणू लागली.

थिएटरात १७ पाहिले. त्यातला 'दशावतार' आईने पाहिला तो दिवस वेगळा. ती लहानपणी पेडण्याच्या देवळासमोर रात्र रात्र जागून दशावतारी काला बघत वाढलेली. दिलीप प्रभावळकर ८१ व्या वर्षी त्या वेशात उभे राहतात ते बघून ती खुर्चीच्या कडेवर आली. भाषा तिची, चाल तिची, जंगल तिचं. खाणीचा विषय निघाला तेव्हा मागच्यापुढच्या रांगांतही शांतता पसरली. डिचोली-सत्तरीच्या रस्त्यांवर तो लाल चिखल आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्या दिवशी मी तीन तास एक शब्दही बोलले नाही. आईच मला सांगत होती, कुठलं पात्र आडदशावतारातलं, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागातलं, आणि कुठलं आख्यानातलं, म्हणजे मुख्य कथेतलं, संकासुर आला की पोरं का ओरडतात.

आता इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. २००४ पासून महोत्सव पणजीत भरतो आणि मी २००७ पासून एकटीच जाते. यंदा ५६ वा होता, २० ते २८ नोव्हेंबर. गुडघा बरा झाला होता, आईचंही डेलिगेट कार्ड काढलं. पहिल्याच खेळाला मी तिच्या कानाशी हळूहळू सांगायला लागले आणि मागच्या रांगेतून कुणीतरी आम्हाला गप्प बसायला सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं. पण आईचा चेहरा पडला, आम्ही अंधारातच पायऱ्या चाचपत बाहेर आलो. जुन्या मेडिकल कॉलेजच्या व्हरांड्यात ती बराच वेळ गप्प बसली होती. मला वाटलं, आता घरी जाऊया म्हणणार. तर म्हणाली, "गजाल नाका. नातीं सांग. कोण कोणाचो ता म्हाका आदीं सांग, मागीर मी बघतंय."

गोष्ट नको, नाती सांग.

तसंच केलं. पुढचा खेळ 'द ब्लू ट्रेल' होता, गाब्रिएल मास्कारोचा ब्राझीलचा सिनेमा, यंदाच्या महोत्सवाचा उद्घाटनाचा. रांगेत उभं असताना मी तिला एवढंच सांगितलं: तेरेझा नावाची ७७ वर्षांची बाई आहे, तिला एक मुलगी आहे, आणि तिथलं सरकार म्हाताऱ्या माणसांना उचलून लांबच्या वसाहतीत ठेवतं. आत गेल्यावर मी तोंड मिटून बसले. तेरेझाला कुठेही प्रवास करायला मुलीची परवानगी लागते. तिकीट खिडकीवरून ती परत फिरते तेव्हा आईने माझ्याकडे वळून बघितलं. म्हाताऱ्यांना गोळा करणारी पिंजऱ्याची गाडी आली तेव्हा तिने हात घट्ट धरला, आणि तेरेझा बोटीत बसून नदीवर निघाली तेव्हा सोडला. भाषा पोर्तुगीज, तिच्या लहानपणी पाकल्यांच्या, म्हणजे इथल्या पोर्तुगीज लोकांच्या, तोंडून कानावर पडलेली. बाहेर आल्यावर म्हणाली, हे लोक आमच्या पाकल्यांपेक्षा गाऊन बोलतात. मग मांडवीच्या काठाने चालताना तिने मला सिनेमाची गोष्ट सांगितली. दोन ठिकाणी ती माझ्यापेक्षा वेगळी होती. घरी येऊन विचार केला तेव्हा त्यातल्या एका ठिकाणी तिचंच बरोबर वाटलं.

स्पर्धेत संतोष डावखर यांचा 'गोंधळ' होता, ज्याच्या दिग्दर्शनाला महोत्सवाचा रौप्य मयूर पुरस्कार मिळाला. तो बघताना आजूबाजूची परदेशी मंडळी खालच्या ओळी वाचत होती आणि आई सरळ वर बघत होती. संबळ वाजायला लागला तसा तिच्या बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरला.

तुमचं वर्ष कसं गेलं ते लिहा. कोणी घरच्यांना असं सांगत सिनेमे बघत असेल तर त्यांनी नक्की लिहा. तू-तुम्हीचं तुम्ही काय करता?

---

ओसरी
३१ डिसेंबर, रात्री ८:०५

काकूंना नमस्कार सांगा. "राहू दे, कळलं" इथे मी वाचायची थांबले आणि सासूबाईंना हाक मारली. बाकीचं त्यांना वाचून दाखवलं.

---

सबटायटलवाला
३१ डिसेंबर, रात्री ९:२२

गेली नऊ वर्षं मी मराठी सबटायटलं करतो, तेव्हा या विषयावर थोडं लिहितो.

तू-तुम्ही ही आमच्या कामातली पहिली पायरी आहे. परदेशी मालिका आली की एकही ओळ करायच्या आधी पात्रांचा तक्ता बनतो. डावीकडे बोलणारा, वर ऐकणारा, चौकटीत तू, तुम्ही किंवा आपण. मालिका आठ भागांची असेल आणि चार जण वाटून काम करत असतील तर हा तक्ता नसल्यास पहिल्या भागातली तुम्ही तिसऱ्या भागात तू होते आणि कोणालाच कळत नाही का. कोणत्या भागात, कोणत्या प्रसंगानंतर नातं बदललं याची नोंद वेगळी ठेवावी लागते. तुम्ही रांगेत उभं राहून आईंना जे सांगितलंत तो हाच तक्ता.

दुसरी गोष्ट जागेची. इंग्रजीत सर्रास पाळला जाणारा नियम असा की एका ओळीत ४२ अक्षरांपर्यंत, ओळी दोनच, आणि एक सबटायटल पडद्यावर सात सेकंदांहून जास्त नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. इंग्रजी वाक्य दोन सबटायटलांत तुटलं तर पहिल्या तुकड्यात काय घडलं हेच मराठी वाचकाला कळत नाही, सगळा भार दुसऱ्यावर. म्हणून आम्ही वाक्य मोडून पुन्हा बांधतो. आणि जोडाक्षरं, वेलांट्या, उकार यांना वरखाली जागा लागते. अक्षर लहान केलं की टीव्हीपासून आठ फुटांवर बसलेल्या माणसाला 'कुठे' आणि 'कुढे' सारखंच दिसतं.

तोंडाने सांगण्यात यातलं कुठलंच बंधन नाही. तुमची पद्धत आमच्यापेक्षा श्रीमंत आहे असं मला मनापासून वाटतं.

---

भरती_ओहोटी
३१ डिसेंबर, रात्री १०:१५

मला थोडं वेगळं म्हणायचंय. भावना पोचली, तरी 'टोक्यो स्टोरी'सारख्या सिनेमावर सतत बोलत राहिलं तर त्यातला आवाज मरतो. सुरुवातीलाच बंदरातल्या बोटींची टुकटुक आहे. ओझूच्या शांततेत अशा आवाजांना किंमत आहे. त्यावर मराठी वाक्यं पडली तर आईंनी सिनेमा पाहिला असं म्हणायचं की तुम्ही सांगितलेली गोष्ट ऐकली असं म्हणायचं? मी वडिलांना आधी पूर्ण कथा सांगतो, मग सिनेमा मुकाट्याने बघतो.

---

तांबडी_माती
३१ डिसेंबर, रात्री १०:४०

@भरती_ओहोटी, हा प्रश्न मलाही पडला होता. म्हणून आमचा नियम असा झाला की बोलणं नसलेल्या जागी मी श्वासही जपून घेते. टुकटुक तर तिनेच पकडली. केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीचा आवाज, म्हणाली. ते तीन-चार मिनिटं आम्ही पुन्हा लावून ऐकले.

पण आधी पूर्ण कथा सांगायचा मार्ग मला जमला नाही. शेवट कळला की तिचं बघण्यातलं मन जातं. नाती सांगितली तर शेवट शाबूत राहतो.

@सबटायटलवाला, तक्त्याबद्दल वाचून फार बरं वाटलं. आईला दाखवला तुमचा प्रतिसाद. तिचा प्रश्न आहे: नवरा-बायको एकमेकांशी भांडताना तुम्हीचं तू होतं, ते तक्त्यात कसं मांडता?

---

सबटायटलवाला
३१ डिसेंबर, रात्री ११:०२

आईंनी नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलं. तक्त्यात एक रकाना 'रागात' असाही असतो. सगळे ठेवत नाहीत, मी ठेवतो.

---

मांडवीकाठ
१ जानेवारी २०२६, सकाळी ७:५०

नवीन वर्षाच्या शुभेच्छा सगळ्यांना.

आमचं घर कोंकणी बोलणारं, वाचन मराठी. आमच्याकडे बापायलाही तूं, आजोबालाही तूं, देवालाही तूं. त्यामुळे मी मराठी सिनेमा बघते तेव्हा उलटं होतं. मुलगी वडिलांना तुम्ही म्हणाली की मला त्या घरात थोडी थंडी वाटते, आणि मग स्वतःला समजवावं लागतं की तो आदर आहे, अंतर नाही. हा धागा वाचून पहिल्यांदा ते शब्दांत सापडलं.

यंदा मी मुलांना 'निर्मोण' दाखवला, १९६६ चा. तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, नवरा समुद्रात गेला असं धरून बायको दुसरं लग्न करते आणि तो जिवंत परत येतो. मूळ धागा टेनिसनच्या 'इनॉक आर्डन'चा, आणि पुढच्याच वर्षी याच दिग्दर्शकाने हिंदीत 'तकदीर' केला. मुलं मडगावात इंग्रजी शाळेत शिकतात, त्यांचं कोंकणी घरापुरतं. तर सांगायची पाळी माझ्यावर आली, तीही उलट्या बाजूने: आजीच्या भाषेतला सिनेमा नातवांना इंग्रजीत. 'तारवटी' शब्दाला मी अडले. खलाशी म्हटलं तर काहीच होत नाही. तारवटी म्हणजे वर्षावर्षाने घरी येणारा बाप, पेटीतून निघणारा साबणाचा वास, आणि पत्राची वाट बघणारं अख्खं घर. माझे वडील तारवटी होते. सिनेमा थांबवून मी मुलांना त्यांच्या आजोबांची पेटी माळ्यावरून काढून दाखवली.

---

सदाफुली
१ जानेवारी, सकाळी ९:१०

पुण्याहून लिहितेय. 'दशावतार' बघताना मालवणी बोलणं मला पूर्ण कळत नव्हतं. शेजारी सावंतवाडीचा मित्र होता, तो कानात सांगत होता, म्हणून पोचलं. आपली भाषा मराठी आहे असं म्हणताना किती मराठ्या आपल्याला येत नाहीत ते त्या दिवशी जाणवलं.

यंदाचा माझा सिनेमा 'साबर बोंडं'. रोहन कानवडे यांचा, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागात सर्वोच्च पारितोषिक मिळालेला, सप्टेंबरात इकडे लागला. वडिलांच्या मृत्यूनंतर मुंबईचा मुलगा दहा दिवस गावी राहतो, आणि बालपणीचा मित्र पुन्हा भेटतो. त्यात सुतकाचे नियम आहेत, अनवाणी फिरणं, काय खायचं काय नाही. माझ्याबरोबर एक बंगाली मैत्रीण होती. बाहेर आल्यावर तिला सुतक काय ते सांगायला मला अर्धा तास लागला, आणि सांगता सांगता माझ्या वडिलांचे दहा दिवस आठवले. सिनेमातले ते दोघे मित्र शेतात बसून बोंडं, म्हणजे निवडुंगाची फळं, खातात, सोललेली, काटे काढलेली. तो प्रसंग मी कोणालाच सांगू शकले नाही.

---

जुना_प्रेक्षक
१ जानेवारी, दुपारी १२:३५

वय ६९, फोंडा. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने अर्धं. माझी गरज तुमच्या आईच्या उलट आहे. मला मराठी सिनेमावर मराठी सबटायटल हवं. कळत नाही म्हणून नव्हे, ऐकू येत नाही म्हणून. बहुतेक ठिकाणी मिळतं ते इंग्रजी. म्हणजे माझ्याच भाषेतला सिनेमा मी परक्या भाषेत वाचत बघायचा.

याच भाषेतल्या सबटायटलचा प्रयोग आपल्या देशात नवीन नाही. आयआयएम अहमदाबादचे ब्रिज कोठारी १९९६ पासून त्यावर काम करताहेत. दूरदर्शनवर गाण्यांच्या कार्यक्रमात गाण्याची ओळ त्याच भाषेत खाली दाखवली तर वाचायला शिकलेली पण सवय मोडलेली माणसं पुन्हा वाचू लागतात, हा त्यामागचा विचार. आणि २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने थिएटरांतल्या सिनेमांसाठी, ऐकू न येणाऱ्या आणि न दिसणाऱ्या प्रेक्षकांच्या सोयीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कागदावर आहे. माझ्या घराजवळच्या थिएटरात मी दोनदा विचारलं, तिथल्या मुलाला मी काय मागतोय तेच कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारणार आहे.

माझं वर्ष २२ सिनेमांचं. त्यातला सगळ्यात पुरा कळलेला होता मूकपट, चॅप्लिनचा 'द किड', १९२१ चा. नातीबरोबर बघितला. दोघांनाही सारखंच दिसत होतं, सारखंच ऐकू येत होतं.

---

ओसरी
१ जानेवारी, दुपारी १:०२

@जुना_प्रेक्षक, तिसऱ्यांदा जाल तेव्हा इथे सांगा. मी येते बरोबर, फोंड्यातच असते. दोघांनी विचारलं तर दोन तक्रारी होतील.

---

तांबडी_माती
१ जानेवारी, दुपारी ३:२०

@जुना_प्रेक्षक, मीही येईन.

@मांडवीकाठ, पेटीचं वाचून आई म्हणाली, आमच्या वाड्यावरही दोन घरांत तशा पेट्या होत्या. वर्षाची सुरुवात आम्ही श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'ने केली होती. ते २०२४ च्या डिसेंबरात गेले, म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लावला. लोटलीला मारियो मिरांडांच्या घरात चित्रित झालेला, १९६१ च्या गोव्याचा. हिंदी असल्यामुळे सांगायचं काही नव्हतं, तेव्हा अजून आमचं हे सुरूही झालं नव्हतं. आता वाटतं तो पुन्हा लावावा आणि या वेळी तिने मला सांगावं. ती तेव्हा दहा वर्षांची होती. रात्री वाड्यावर सगळे दिवे मालवून बसले होते एवढंच आजवर तिने सांगितलंय.

---

भरती_ओहोटी
१ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

काल रात्री वडिलांबरोबर तुमची पद्धत करून बघितली. कथा सांगितली नाही, फक्त नाती सांगितली. सिनेमा 'परफेक्ट डेज', टोक्योत सार्वजनिक संडास साफ करणाऱ्या माणसाचा. सांगायला नाती होती तरी किती: एक भाची, एक बहीण. वडील निवृत्त बसचालक, गोव्याच्या कदंब बससेवेत ३१ वर्षं पहाटेची पाळी केलेली. तो माणूस सकाळी उठून अंथरुणाची घडी करतो, दार उघडून आभाळाकडे बघतो, गाडीत कॅसेट घालतो, ते बघून बाबा सिनेमा संपेपर्यंत काही बोलले नाहीत. आज पहाटे साडेचारला ते अंगणात उभे दिसले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, आभाळ बघतोय.

माझं कालचं म्हणणं मी थोडं मागे घेतो. टुकटुक मात्र जपा.

---

चाफा
१ जानेवारी, रात्री ८:३०

वाचनखूण साठवली. एक विचारू का? ३८ सिनेमांतला काकूंना सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला कुठला?

---

तांबडी_माती
१ जानेवारी, रात्री ९:१५

@चाफा, जेवताना विचारलं. मला वाटलं होतं 'टोक्यो स्टोरी' म्हणेल, किंवा नदीवरची तेरेझा.

ती भात कालवता कालवता थांबली आणि मलाच विचारलं, "त्यो चादरी मागीर सोडयल्यो तांणी?"

त्या चादरी मग सोडवल्या का त्यांनी? फेब्रुवारीतल्या, गहाण पडलेल्या. सिनेमात त्याचं पुढे काहीच येत नाही. सायकल चोरीला जाते, बाप-लेक रोमभर फिरतात, शेवटी गर्दीत हात धरून चालत निघतात, चादरी त्या मांडणीवरच राहतात. मी तिला म्हटलं, सिनेमात दाखवलेलं नाही. ती म्हणाली, "दहा महिने झाले. थंडीचे दिवस आले असतील त्यांच्याकडे."